पल्याडची घंटा

आमच्या कामथडीच्या गोठ्यात दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक खिळा आहे. त्याला एक घंटा टांगलेली आहे. लोखंडी, ओबडधोबड, कडेला चेपलेली. आतला लोळा झिजून करंगळीएवढा उरलाय. दुधाचा टेम्पोवाला एकदा म्हणाला, "काकू, देवळातनं उचलून आणली का काय?" म्हटलं, "व्हय, देवच देऊन गेला." येईल त्याला सगळं सांगत बसले तर धारा कोण काढणार?

गोठा म्हणायचा आपला सवयीनं. आहे ती शेड. वर पत्रा, खाली कोबा, भिंतीला पंखे. काळ्या-पांढऱ्या थोराड गायी, कानात पिवळे बिल्ले. या गायींनी जन्मात माळ बघितलेला नाही. त्या मुरघास खातात, म्हणजे हिरवा मका कापून पिशवीत दाबून आंबवलेला. पिशवी फोडली की बिघडलेल्या गुळासारखा वास सुटतो, आणि मेला दिवसभर माझ्या केसांत, पदरात, भाकरीच्या टोपलीतसुद्धा बसून राहतो. आमचे हे सकाळी उठले की आधी मोबाईल बघतात. "तिकडं कुठल्या देशात दुधाची पावडर स्वस्त झाली म्हणं, हितं आपला दर पडणार." मी म्हणते, "मग गायींना सांगू का, आज जरा कमी खा म्हणून?" पूर्वी हसायचे. हल्ली नुसतं माझ्याकडं बघतात आणि पेंडीचं पोतं उचलायला जातात.

शेडच्या पुढं अंगण, सगळं कोब्याचं. अंगणाच्या पलीकडं पाण्याची टाकी, टाकीमागं भिंत, आणि भिंतीमागं पुणे-सातारा हायवे. ट्रक गेला की टाकीतलं पाणी थरथरतं. मला ते थरथरणं आवडत नाही. मग मी उगाच त्या घंटेला हात लावते. हाताला लोखंडाचा वास लागतो, आणि त्या वासामागोमाग दुसरं पाणी येतं. मोठं, काळं, गप्प.

माझं माहेर वेल्ह्याकडचं. पानशेतच्या वर डोंगराची एक सोंड धरणाच्या पाण्यापर्यंत उतरते, तिच्यावर आमची धनगरांची वस्ती. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत. पावसाळाभर आम्ही आणि म्हशी एकाच छपराखाली, मधे फक्त एक आडवं लाकूड. ओल्या म्हशीचा वास, शेणकुटाचा धूर, घुसळलेल्या ताकाचा आंबट वास, आणि लोणी कढायला लागलं की जो दरवळ सुटायचा, त्यानं वस्तीवरची कुत्रीसुद्धा भांडायची थांबायची. म्हशींना नावं असायची. चांदी, मोरी, भिंगरी, पाकुळी. आईची आम्हा पोरांच्या नावात गफलत व्हायची, म्हशींच्या नावात कधी झाली नाही. मला ती निम्म्या वेळा भिंगरी म्हणूनच हाक मारायची. मी बिनदिक्कत ओ द्यायची.

आमच्या समोर, पाण्याच्या पलीकडं, एक माळ होता. त्याला नाव नव्हतं. नुसतं पल्याड म्हणायचं. धरण व्हायच्या आधी तिथं चालत जाता यायचं. आमच्या वडिलांनी, आबांनी, ती वाट लहानपणी पायांनी तुडवलेली. खाली उतरलं की आंबी नदी, नदीकाठी म्हसोबाचा शेंदरी धोंडा, त्याला उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा, नदी ओलांडायची, चढ चढला की माळ. पुढं पाणी चढलं. वाट बुडाली, म्हसोबा बुडाला, माळ तेवढा वर राहिला. आणि म्हशी पोहून जायला लागल्या.

पोहायच्या कशा, ते बघण्यासारखं होतं. सरळ नाही जायच्या. पुढं चांदी, ती कळपाची म्होरकी, आणि तिच्यामागं बाकीच्या, पाण्यावर नुसती शिंगं आणि नाकं. मध्यावर पोचली की चांदी डावीकडं वळायची, एक मोठा वळसा काढायची आणि मग पुन्हा समोर. तिथं पाण्यावर काही म्हणजे काही नसायचं. ना खडक, ना झाडाचा शेंडा. मी आबांना विचारलं, "आबा, ह्या वाकड्या का वो जात्यात?"

"खाली म्हसोबा हाय न्हवं," आबा म्हणाले. "त्येच्या डोसक्यावरनं कशा जात्याल?"

चांदीनं म्हसोबा बघितलेला नव्हता. तिच्या आईनं तरी कुठला. आई पुढं, लेक मागं, एवढ्याच बळावर ती वाट पाण्यावरून चालत आलेली. संध्याकाळी वासरांच्या ओढीनं परत यायच्या तेव्हाही म्हसोबा उजवीकडंच. जाता-येता मिळून रोजची एक प्रदक्षिणा. माणसांनी त्या देवाला कधीच सोडून दिला होता. म्हशींनी नाही सोडला.

पण माळ बारा महिने आमचा नसायचा. पाऊस सुरू झाला की तो वाघाचा. चार महिने तिकडं माणसानं पाय टाकायचा नाही, जनावर लोटायचं नाही, नुसतं बघायलाही जायचं नाही. आबा म्हणायचे, "वाघ राखतुया म्हणून गवात ऱ्हातंय. आपुन राखलं असतं तर मुळासकट खाऊन बसलो असतो." मग दिवाळी आली की वसुबारशीला, आम्ही तिला वाघबारस म्हणतो, माळ वाघाकडून मागून घ्यायचा. त्या दिवशी दुधाचा थेंब विकायचा नाही. सगळ्या दुधाची नाचणीची खीर करायची, पहिला वाटा वाघदेवाच्या दगडापुढं ठेवायचा, आणि उन्हं वर यायच्या आत कळप पाण्यात घालायचा.

त्या दिवसाचे दोन नेम होते. एक, पाण्यात उतरलेल्या जनावराला मागून हाक मारायची नाही. घरातून निघालेल्या माणसाला मारत नाहीत तशीच. जनावर मान वळवतं, दम तुटतो, कळप फुटतो. दुसरा नेम खिरीचा. खीर पानावर वाढून घ्यायची, पण पल्याड घंटा वाजेपर्यंत तोंडाला लावायची नाही. म्होरकीच्या गळ्यातली घंटा पाण्यात मुकी असते. पल्याड जमिनीला लागून ती अंग झाडते तेव्हा वाजते. ती ऐकू आली की समजायचं, जनावर लागलं.

काय सांगू त्या वाट बघण्याचं! काठावर सगळी वस्ती बसलेली. हातात पळसाची पानं, पानावर गरम खीर, जायफळाचा वास थेट नाकात. आम्हा पोरांच्या तोंडाला धार सुटलेली, पण कुणाची बिशाद नव्हती बोट चाटायची. माझा थोरला भाऊ, अण्णा, माझ्यापेक्षा चांगला दांडगा, तोही कान टवकारून गप्प. पाण्यावर धुकं. आणि मग त्या धुक्यापलीकडून, लांबून, ठण. ठण ठण. "लागली रं!" आबा ओरडायचे, आणि आम्ही पानात तोंडच घालायचो. तशी खीर पुन्हा कुठं खाल्ली नाही. आता नाचणी विकत मिळते, जायफळ मिळतं, ती भूक मिळत नाही.

लग्न होऊन मी कामथडीला आले. घंटा त्याच घराण्यात फिरत राहिली. चांदीच्या गळ्यातून तिच्या लेकीच्या, मग नातीच्या. नातीचं नाव राघी. आबा गेले, आई गेली, अण्णा कळपामागं उभा राहिला. मी दर वाघबारशीला जायची, आणि दर वर्षी काहीतरी एक कमी झालेलं असायचं. कुडाच्या एका घराला कडी, पुढच्या वर्षी शेजारच्यालाही कडी. पोरं खाली पानशेतला हॉटेलांत कामाला लागलेली. वरचं दूध फॅटला भारी, पण एवढ्याशा दुधासाठी टेम्पो चढण चढेना. जनावरांना गाठी येणारा तो रोग आला त्या साली आमच्या म्हशींना धक्का लागला नाही, पण बाजार बंद पडले, आणि रस्त्यानं येताना गावागावांत मला चुन्याचा वास आला, जिथं गायी पुरल्या होत्या तिथला. माझ्या शेडमधल्या दोन त्यातच गेल्या. त्यांना नावंसुद्धा नव्हती, नुसते बिल्ल्यावरचे आकडे. रडायला आलं तर नाव घेऊन रडताही येईना.

आणि समोर, पल्याड, दिवे लागायला लागले. आधी एक. मग चार-सहा. दगडांना चुना फासलेला दिसू लागला. एकदा प्लॉट विकायचा भलामोठा फलक उभा राहिला. भाच्यानं वाचून दाखवलं, "बॅकवॉटर टच." वहिनी म्हणाली, "म्हंजी काय वो वन्सं?" म्हटलं, "म्हणजे आपलं धरण त्यांना हात लावायला लागलंय."

वहिनी हसली. अण्णा नाही हसला. तो समोर बघत होता. तिथं गवताचा रंग वेगळा दिसत होता, नको इतका हिरवा.

आता ती तीन वर्षांपूर्वीची वाघबारस. मी आदल्या दिवशीच वर गेले. कळपात तेव्हा मोजक्याच म्हशी उरलेल्या, आणि अण्णाचं गणित साफ होतं. अलीकडच्या बाजूला वनखात्यानं झाडं लावलेली, तिथं चराईला बंदी. पेंड विकत घालायची तर म्हशीच विकाव्या लागतील. माळ मिळाला तर कळप जगेल, नाही तर गेला. मधलं काही नव्हतं. भोरचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला होता. त्याला अण्णानं वाटेला लावलं. "पाण्यात म्हैस आन् वर मोल, असला धंदा म्या करत न्हाई. माळ हाय तवर म्हशी हायत."

पण त्या उन्हाळ्यात पल्याड तारेचं कंपाउंड झालं होतं. आणि त्या कंपाउंडचे खड्डे खणले होते अण्णाच्याच पोरानं, भिवानं. रोजानं गेला होता. जेवताना तोच विषय निघाला.

"आण्णा, तू काळजी करू नगंस," भिवा म्हणाला. "जुनी वाट जितं माळाला लागती तितं दोन खांबांच्या मधी मोकळं ठिवायला लावलंय म्या. तितला मॅनेजर व्हय म्हणलाय."

"तूच खड्डं खांदायचं आन् तूच वाट ठिवायची. ग्वाड हाय."

"मी न्हाई खांदलं तर दुसऱ्यानं खांदलं असतं. मी व्हतो म्हणून वाट तरी ऱ्हायली."

अण्णानं पुढचा घास मोडला. ते खरंही होतं, आणि घशाखाली उतरण्यासारखंही नव्हतं. वहिनी चुलीपुढून म्हणाली, "अवो, मग एकडाव जाऊन बघून तरी या. खांब पार खालपत्तुर उतरवल्यात म्हणं. उन्हाळ्यात पाणी आटल्यालं व्हतं, आता धरण भरलंय."

"वाघबारशीच्या आदी पल्याड कोण जातं?"

"आता कुठला आलाय वाघ! तितं लोकं खुर्च्या टाकून बसत्यात."

"लोकं बसत्यात ती त्यांच्यापाशी. आपुन नेम मोडायचा न्हाई. राघी हाय. वाट असंल तर ती बरुबर काढंल."

मला त्या वेळी वाटलं, बरोबर बोलला. म्हशीवर भरवसा ठेवायचा, हे आमच्या रक्तातच आहे. माणूस चुकेल, म्होरकी चुकणार नाही.

सकाळ झाली ती धुकं घेऊनच. पाणी काठोकाठ. नेहमी त्या वेळेला पाणकावळे ओरडतात, त्या दिवशी एकही नव्हता. मला आपलं ते खटकलं. वाघदेवाच्या दगडापुढं खीर ठेवली, उदबत्ती लावली. धूर वर जाईना, जमिनीलगतच रेंगाळला. वहिनीनं पानं वाढली. वासरं काठावर खुंट्यांना बांधलेली. राघी पाण्याच्या कडेला आली, खाली मान घालून तिनं पाणी हुंगलं आणि बराच वेळ हुंगत राहिली. ती तेव्हा म्हातारी झालेली, भाकड, त्या साली तिला वासरू नव्हतं. तिची लेक गेंदी तिच्या मागं उभी. मग राघी आत शिरली. घंटा दोनदा वाजली आणि पाण्यात बुडून मुकी झाली.

एकामागं एक सगळ्या गेल्या. शिंगं आणि नाकं. मध्यावर राघीनं डावीकडचा वळसा घेतला, लोण्यातून दोरा फिरवावा तसा, आणि अण्णाच्या तोंडावर जरा हसू आलं. पुढं धुकं. मग काहीच दिसेना.

आम्ही पानं हातात घेऊन बसलो. घंटा वाजेना. खिरीवर साय धरली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी भिवाकडं. अण्णा उठून उभा राहिला, पान हातात तसंच. पलीकडून कुत्र्याचं भुंकणं आलं, गावठी कुत्र्याचं नव्हे, पाळलेल्या कुत्र्याचं, जाडं. आणि घंटा वाजेना.

मग धुकं उठलं. आधी खांबांची टोकं दिसली, पाण्यातून वर आलेली, ओळीनं. मग त्यांच्यापुढं शिंगं. शिंगं त्या ओळीपुढून एकदा इकडं जायची, एकदा तिकडं. जुन्या वाटेवरच्या दोन खांबांच्या मधे हिरवी तारेची जाळी ताणून बसवलेली होती, पाण्याच्या वर हातभर आणि खाली किती कोण जाणे. पायाखाली जमीन नाही, मागं वळायचा शिरस्ता नाही, आणि पुढं तार.

"बंद केलं," भिवा म्हणाला. "आयला, त्येनं बंद केलं की!" तो मोबाईल काढून त्या मॅनेजरला लावायला लागला. रेंज येईना म्हणून वर पळाला, पुन्हा खाली आला. "उचलंना. आण्णा, त्यो उचलंना."

अण्णाचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. एक हाक. राघी म्हणून एक हाक मारायची, एवढंच होतं, आणि तेवढंच करायचं नव्हतं. आबांच्या वेळेपासून कुणी मारली नव्हती. मी त्याचा दंड धरला. दंड लाकडासारखा ताठ झालेला.

वहिनीनं पान खाली टाकलं. खीर मातीत सांडली. ती धावत खुंट्यांकडं गेली आणि वासरांची दावी सोडून त्यांना पाण्याच्या कडेला रेटू लागली. "वरडा रं! वरडा, मुडद्यांनो!" म्हणत तिनं एकेकाच्या पाठीत धपाटे घातले. वासरं घाबरून हंबरली. एक हंबरलं तशी सगळी. तो आवाज पाण्यावरून गेला, आणि पलीकडची शिंगं वळली.

माणसानं हाक मारायची नाही, वासरानं मारू नये असं कुणी सांगितलं होतं? आजही मी म्हणते, त्या दिवशी त्या काठावर शहाणं माणूस एकच होतं. म्हशी परत फिरल्या. पण वासरांच्या आवाजावर सरळ आल्या. वळसा घेतला नाही. म्हसोबाच्या डोक्यावरून आल्या, आणि ते बघताना अण्णानं दोन्ही हात आपल्या डोक्यावर ठेवले.

राघी मात्र तिथंच राहिली. तिला वासरू नव्हतं. तिला बोलावणारं या काठावर कुणी नव्हतं. वाट इथंच होती, इथंच असली पाहिजे, म्हणून ती त्या जाळीला पुन्हा पुन्हा छातीनं रेटत होती. लांबून तिची मान वरखाली होताना दिसायची. दर वेळी थोडी कमी वर यायची.

आणि अण्णानं हाक मारली. "रा‍घेऽऽ!" तो आवाज माझ्या भावाचा नव्हता. तसा आवाज मी आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. राघीनं मान वळवली. तारेत काहीतरी अडकलं होतं, तिनं हिसडा दिला, पाणी ढवळलं आणि ती निघाली. आली ती नेमानं आली. एकटी, दमानं, म्हसोबाला उजवीकडं ठेवून वळसा घालून. काठाला लागली, अंग झाडलं आणि घंटा वाजली. सकाळपासून वाट बघत होतो ती घंटा. पण अल्याड. कुणी खीर उचलली नाही. तिच्या छातीवरून रक्त ओघळत होतं, पाण्यात मिसळून गुलाबी.

तारेची जखम भरली नाही. डॉक्टर वर येऊन इंजेक्शन देऊन गेले, वहिनीनं हळद दाबली, माश्या मात्र हटल्या नाहीत. राघी दिवसभर पाण्याकडं तोंड करून उभी असायची. कळपातली एकही पाण्यात पाय घालेना. भिवा जाऊन त्या मॅनेजरशी भांडून आला. मॅनेजर म्हणाला, रानडुकरं शिरत होती, लॉन उकरत होती, मालकांनी सांगितलं, बसवली जाळी. त्याच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नव्हतं. शिमग्याच्या आधी राघी गेली. अण्णानं तिला वाघदेवाच्या दगडाजवळ पुरली आणि घंटा काढून घेतली. "म्या मागनं हाक मारली, बाय," एवढंच तो मला म्हणाला. मी समजावलं, चिडले, म्हटलं, अरे तारेनं मारली, तुझ्या हाकेनं नव्हे. तो ऐकून घेतो आणि पुन्हा तेच म्हणतो. अजूनही म्हणतो.

व्यापाऱ्याचा टेम्पो वर आला. तेवढ्यासाठी तो चढण चढला. एकटी गेंदी अण्णानं दिली नाही, ती माझ्याकडं धाडली. कोब्यावर ती पहिल्यांदा उतरली तेव्हा तिचे पाय घसरले. दोन दिवस मुरघासाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला पाण्यासाठी सोडली. टाकी समोर, अंगण मोकळं. ती सरळ चालत निघाली, मध्यावर आली, आणि डावीकडं वळून मोठा वळसा घालून टाकीवर गेली. आमचे हे म्हणाले, "तिरकी चालती का गं ही? पायात काय भरलंय का बघ." मी पाय बघायला गेले नाही. पाणी पिऊन गेंदी परतली तीसुद्धा वळशानं, तिच्या उजव्या हाताला काहीच नसलेला तो कोबा तसाच ठेवून. आजतागायत रोज तशीच जाते. गेल्या वर्षी ती इथंच व्याली. रेडकू, चांगली रेडी, कपाळावर पांढरा ठिपका. हुबेहूब चांदी.

यंदाच्या वाघबारशीला अण्णा आमच्याकडं आला. वस्तीवर आता तो आणि वहिनी दोघंच. भिवा पल्याडच वॉचमन झालाय. त्याला कोण बोलणार, पोट सगळ्यांना आहे. अण्णानं येताना पिशवीत घंटा आणली होती. म्हणाला, "चांदीची खापरपणती हाय म्हणतीस, तिच्या गळ्यात बांधू."

मी खीर केली होती. नाचणीची, जायफळ घालून. ह्यांनी त्या दिवशी दूध डेअरीला घातलंच, ते थांबवणं माझ्या हातात नाही, पण गेंदीचं दूध मी ठेवून घेतलं. पाण्याची वेळ झाली तशी मायलेकींना सोडलं. अण्णा ओट्यावर बसून बघत होता. गेंदी निघाली, मध्यावर आली, वळसा घेतला. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. रेडी तिच्या मागं होती. ती क्षणभर थांबली, आईकडं बघितलं, आणि सरळ टाकीकडं पळाली. आईच्या आधी पोचली आणि पाण्यात तोंड घातलं.

अण्णानं पिशवीतली घंटा हातात घेतली. मग म्हणाला, "शानी हाय. हिला घंटा नगं. हिला कुठं जायाचंय?" आणि घंटा त्यानं त्या खिळ्याला अडकवली.

मायलेकी पाणी पिऊन परत दाव्याशी येऊन उभ्या राहिल्या. मी खीर वाढली. ह्यांनी दोन घासांत वाटी संपवली आणि म्हणाले, "अण्णा, घ्या की." अण्णा वाटीकडं बघत बसला. "घ्या, दाजी, तुमी घ्या. म्या घेतो सावकाश." खिरीवर साय धरायला लागली. हायवेवरून ट्रक गेला, टाकी थरथरली. मला कळलं तो कशासाठी थांबलाय. तो स्वतःहून कधी सांगणार नव्हता, आणि त्या नेमापायी तो तसाच उपाशी उठून वेल्ह्याची एसटी धरणार होता.

मी उठले. खिळ्यावरची घंटा काढली, पदराआड धरली, अंगण ओलांडून टाकीच्या पलीकडं गेले, अगदी भिंतीपर्यंत, आणि हलवली. ठण. ठण ठण.

अण्णानं मान वर केली. पण त्याच्याआधी गेंदीनं केली. कान ताठ झाले. तिला अजून बांधलेली नव्हती. ती निघाली, पाण्याला नव्हे, पाणी तर ती नुकतीच पिऊन आली होती. मध्यावर आली, डावीकडून वळसा घातला आणि थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली. घंटा हुंगली. माझा हात हुंगला. मग माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागली, नाक वर करून, गवताचा वास घ्यायला. माझ्या मागं भिंत होती.

तिनं एकदा हळू आवाजात हंबरून बघितलं. माझा हात काही थांबेना, मी वेड्यासारखी घंटा हलवतच राहिले.

"पुरं कर, बाय," अण्णा ओट्यावरून म्हणाला. "फसवू नगंस तिला. खातो म्या."

आणि त्यानं वाटी उचलली.